मागील अंकातील दुरुस्ती

गेल्या वर्षी जानेवारीच्या अंकात माझ्या हातून
सौ. दमयंती मुंगी
कै. दमयंती मुंगी झाल्या.
एका अक्षराचा फरक.
सकाळी सातला त्यांचाच फोन:
"अहो, तेराव्याला काय करताय? मलाही बोलवा."

फेब्रुवारीत, पान सहा, तळाला, चौकटीत
मागील अंकातील दुरुस्ती. दिलगीर आहोत.
तरी ज्यांनी फेब्रुवारी उघडलाच नाही
असे धारचे एक गृहस्थ
सराफ्यात बाईंना गराडू खाताना पाहून
असे दचकले की त्यांचा द्रोण सांडला.

एवढं मला कळत होतं.
कॉम्प्युटरचं मात्र कळत नव्हतं.

लोकमान्य नगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत
एकोणीस वर्षं तो क्रोशाच्या रुमालाखाली आहे.
पडद्याच्या कोपऱ्यात एक ढाल यायची,
ढालीवर उद्गारचिन्ह.
मी रोज "नंतर आठवण करा" दाबायचे,
वर्गणी मागायला आलेल्यांना सांगतात तसं:
साहेब घरी नाहीत.

कारण माझी मराठी त्याच्या पोटात होती.
जुना फॉन्ट. त्यातला ळ कुठे दडलाय
ते माझ्या करंगळीलाच ठाऊक.
नव्या यंत्रावर नेला की समाजाची सगळी मंडळी,
हयात आणि कैलासवासी,
इंग्रजी मुंग्यांची रांग होऊन चालू लागायची.
दोनशे अठ्ठावीस अंक. कोण हात लावणार?

मग देवासहून कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये
मुलाचा बायोडाटा आणून दिला.
उघडला, तर आत मुलगाच नाही.
दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोल्डरच्या जागी
नुसता एक वाकडा बाण,
कुठेच न नेणारा.

जेल रोडवरून लोकेंद्र आला.
रुमाल उचलला, धूळ फुंकली, म्हणाला,
"आंटी, ग्यारह साल से किवाड़ खुला पड़ा है,
चोर शरीफ था, देर से आया."
फाइली गेल्या नव्हत्या, दडवल्या होत्या.
तीन तास लागले बाहेर काढायला.

चहा घेताना मी विचारलं,
हे अपडेट म्हणजे असतं तरी काय?
"कुछ नहीं, कंपनी से गलती हो जाती है,
सुधार के भेज देती है."
दर महिन्याला?
"हर महीने."

मी बशी खाली ठेवली.
म्हणजे पान सहा. तळाला, चौकटीत.
इतकी वर्षं कुणीतरी मला कळवत होतं
की मागच्या अंकात चुकलो, चूकभूल द्यावी घ्यावी,
आणि मी त्या धारच्या गृहस्थांसारखी
अंकच उघडत नव्हते.

आता नवा आहे.
जुन्याची इंटरनेटची वायर काढून
लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळून ठेवली.
तो बाहेर जात नाही, कुणाला आत घेत नाही,
विचारलं तेवढं वाचून दाखवतो.
रोज रात्री एक अंक इकडून तिकडे नेते.
बाकी सगळं येतं. ळ गळतो,
पळशीकरांचे पशीकर होतात,
आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी, बारीक टायपात,
टंकलेखन: प्रमिला बु□णपूरकर.
ऱ्हा कुणालाच पेलत नाही.
दोनशे अठ्ठावीस वेळा स्वतःला दुरुस्त करायचंय,
एकशे एक्केचाळीस झाल्या.

काल रात्री नव्यावर निळा पडदा आला:
अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका.
चौतीस टक्के.
पूर्वीची मी बटण दाबून झोपायला गेले असते.
काल बसून राहिले. उसवलेली बाही होती, ती घेतली.
चौसष्टवर फार वेळ अडकलं.

तेवढ्यात दमयंतीबाईंचा फोन, साडेदहाला.
"नवा अंक लागला का हो?
यंदा मी आहे ना?"
थांबा, म्हटलं, पाहून सांगते,
अजून बंद करायचं नाहीये.